टेबलापासून दारापर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी सुटकेस आहे, आणि माझ्याइतकी उचलली गेलेली बॅग तुम्हाला शोधूनही सापडायची नाही. सकाळची तुकडी, दुपारची तुकडी, संध्याकाळची तुकडी. वेल्डरने उचलली, शिंप्याने उचलली, नर्सेसनी उचलली, एका दांडग्या आचाऱ्याने तर दोन बोटांनी उचलली. एवढं होऊन माझा जन्मभराचा प्रवास किती, तर टेबलापासून दारापर्यंत आणि दारापासून टेबलापर्यंत. कासवसुद्धा यापेक्षा लांब जाऊन मरतं.

तुम्ही म्हणाल, ही बया फार कडू बोलते. बोलते. पोटात डांबरगोळ्या घेऊन जन्म काढलाय, गोड कुठून बोलू?

माझा जन्म एका बोळातल्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक खोली, खळीची एक बादली आणि तोंडात खिळे धरून बसलेला एक कारागीर. जाड पुठ्ठा, त्यावर चॉकलेटी रेक्झिन, कोपऱ्यांना पत्र्याच्या टोप्या, पुढे दोन पितळी कुलपं. बाकी सगळं त्याने आपलं नेहमीचं लावलं, पण हँडल मात्र खऱ्या चामड्याचं. त्याची बायको म्हणाली, "एवढ्याशा पट्टीला चामडं कशाला? रेक्झिन चिकटव आणि मोकळा हो."

तो तोंडातले खिळे न काढताच म्हणाला, "बॅग काय, पुठ्ठाच असतो. ओझं सगळं हँडलवर येतं."

मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ही लांब जाणार." माणसं नव्या वस्तूला असं काहीबाही बोलतात आणि जेवायला बसतात. वस्तू ते धरून बसते.

मला विकत घेतलं एका नव्या जोडप्याने. तो इंग्रजी शिकवणारा, काटकुळा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. परदेशातल्या एका शाळेने त्याला बोलावलं होतं, फक्त तिकडे जायच्या परवानगीचा शिक्का बाकी होता. पुढे सगळे त्याला सर म्हणायला लागले आणि तिला काकू, म्हणून मीही तसंच म्हणते. शिक्का मिळायच्या आधीच सरांनी काकूंना बॅग भरायला बसवलं.

"अहो, आधी परवानगी तर मिळू दे."

"माझं इंग्रजी ऐकलं की शिक्का आपणहून उठेल आणि कागदावर बसेल."

काकूंनी मला हौसेने भरलं. स्वतः विणलेला निळा स्वेटर, घाईत विणल्यामुळे त्याचा एक हात लांब झाला होता. नव्या शर्टांच्या घड्या, गळपट्ट्यातला पुठ्ठाही न काढलेल्या. एक पितळेचं गजराचं घड्याळ. कोपऱ्याकोपऱ्यात डांबरगोळ्या. आणि या सगळ्याच्या आधी, अगदी तळाशी, बायकांच्या मापाचे काळे बूट.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"माझे. तिकडे थंडी असते म्हणे. तुमच्या सामानात असले म्हणजे मला बोलवायला विसरणार नाही तुम्ही."

"विसरतोय कसला. पोचलो की पहिलं काम तेच."

कुलपं लागली. एक किल्ली सरांच्या खिशात गेली, दुसरी काकूंच्या किल्ल्यांच्या जुडग्यात.

दुसऱ्या दिवशी सर शिक्का आणायला गेले आणि चेहरा पाडून परत आले. बूट न काढताच खुर्चीत बसले. काकूंनी पाणी दिलं आणि उभ्या राहिल्या.

"त्या अधिकाऱ्याने विचारलं, 'विल यू ब्रिंग युअर वाइफ?' बायकोला आणणार का म्हणून. मी म्हटलं, साहेब, इथे ब्रिंग नाही, टेक. इथून तिकडे न्यायचं तर टेक, तिकडून इकडे आणायचं तर ब्रिंग. दोन-तीन उदाहरणंही दिली."

"मग?"

"मग त्याने माझे कागद माझ्याकडे सरकवले आणि म्हणाला, 'टेक.'"

आता यातली खरी मेख सांगते. तो अधिकारी तिकडचा होता. त्याच्या बाजूने बघितलं तर काकू त्याच्या देशात येणार होत्या, म्हणजे त्याचं ब्रिंगच बरोबर होतं. न्यायचं की आणायचं, हे बोलणारा स्वतःला कुठे उभा समजतो त्यावर ठरतं. सरांना नियम तोंडपाठ होता, समोरचा माणूस कुठे उभा आहे एवढंच त्यांनी बघितलं नाही. ते त्यांनी पुढेही कधी बघितलं नाही.

काकूंनी पाण्याचा पेला उचलला आणि म्हणाल्या, "बॅग रिकामी करू?"

"राहू दे. परत अर्ज करीन."

अर्ज काही झाला नाही. मी मात्र भरलेलीच राहिले.

मग टायर दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत सरांनी क्लास काढला. खोलीला कायम रबराचा वास, आणि शेजारच्याच खोल्यांत आमचं बिऱ्हाड. बाहेर पाटी, 'परदेशी पद्धतीने इंग्रजी'. टेबलावर शोभेला म्हणून मला ठेवलं. पहिल्याच दिवशी एका वेल्डरने मला बघितलं आणि आदराने विचारलं, "सर, तुम्ही तिकडून कधी आलात?"

सर खडू शोधायला लागले.

"तिकडे थंडी फार असेल ना सर?"

"थंडी ही थंडीच असते," सर म्हणाले.

झालं. दुसऱ्या दिवसापासून सर परदेशातून आलेले. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, ते स्वतःच्या तोंडाने तसं कधी बोलले नाहीत. त्यांनी फक्त कुणाला दुरुस्त केलं नाही. आणि जो माणूस पोस्टमनचं 'गुड मॉर्निंग'सुद्धा दुरुस्त करायचा, त्याच्या बाबतीत याचा काय अर्थ होतो तो तुम्हीच लावा. किल्लीचं कुणी विचारलं तर म्हणायचे, "तिकडेच राहिली." स्वतःकडची किल्ली त्यांनी कधीच मोरीत टाकून दिली होती. काकूंकडे दुसरी आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. घरातल्या बाईच्या जुडग्यात काय काय आहे हे बघायला वेळ कुणाला असतो?

सरांची शिकवायची पद्धत मात्र अशी होती की तिला तोड नाही. त्यांचं म्हणणं, क्रियापद हे डोक्याने शिकायचं नसतं, हाताने शिकायचं असतं. जे बोलायचं ते धरून बोला. म्हणून खोलीतल्या एकेका वस्तूला त्यांनी एकेक क्रियापद वाटून दिलं. ओपन खिडकीला. क्लोज दाराला. गिव्ह पेनाला. सिट स्टुलाला. ब्रेक कुणाला द्यावं याचा विचार चालला होता, तेवढ्यात वेल्डरच्या कोपराने खिडकीची काच गेली आणि तोही प्रश्न मिटला. माझ्या वाट्याला आलं टेक.

हे फार राबवून घेणारं क्रियापद आहे बरं का. गिव्हवालं पेन दिवसातून थोडा वेळ राबायचं आणि खिशात जाऊन पडायचं. मी मात्र सकाळपासून हलतेय. प्रत्येकाने यायचं, माझं हँडल धरायचं, "आय टेक द बॅग" म्हणत दारापर्यंत न्यायचं. सर दारातून ओरडणार, "आता ब्रिंग." की परत टेबलावर. काल नेली असली तर टुक, नेऊन झाली असली तर टेकन. नेणं झालं, आणणं झालं, सगळे काळ झाले, मी तिथल्या तिथेच.

बरं, टेकचा अर्थ नुसता नेणं असता तरी चाललं असतं.

"फोटो इंग्रजीत काढत नाहीत," सर सांगायचे. "टेक. आंघोळ करत नाहीत, टेक. औषध खात नाहीत, पीत नाहीत, टेक. टेक अ सीट म्हणजे बसा. टेक ऑफ युअर शूज म्हणजे बूट काढा. वेळ लागतो, इट टेक्स टाइम. आणि परीक्षा आपण देत नाही. आय गेव्ह द एक्झाम म्हटलं की तुम्ही कामातून गेलात. परीक्षासुद्धा टेक."

"मग देतं कोण सर?" वेल्डरने विचारलं.

"देणारे वेगळे. आपण घ्यायची."

"म्हणजे आजवर आम्ही फुकटच देत आलो."

आणि हे सगळं माझं हँडल धरून. आंघोळीचं वाक्य म्हणायचं असो की औषधाचं, एक हात माझ्यावर पाहिजेच. खिडकीवाले खिडकी धरून, दारवाले दार धरून, असा सगळा वर्ग काहीतरी घट्ट धरून इंग्रजी बोलायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इमारत हलतेय.

याचा परिणाम काय होणार तो झाला. काही धरल्याशिवाय या लोकांची जीभच उचलेना. आचारी तिकडच्या हॉटेलात लागला. तो कढईचा कान धरल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही, म्हणून तिथले सगळे त्याला टरकून असायचे. वेल्डर मुलाखतीला गेला. साहेब म्हणाला, टेक अ सीट. भीतीने याला बसण्याचं आठवेना, हाताला लागलेलं नेणं-आणणं आठवलं. याने खुर्ची उचलली, दारापर्यंत नेली, परत आणली, जागेवर ठेवली. साहेबाला वाटलं, माणूस दणकट आहे आणि सांगितल्याबरोबर काम करतो. घेतलं त्याला.

असे एकेक करत सगळे गेले. जाताना माझ्या कुलपावर हात ठेवून जायचे. "लकी बॅग आहे," म्हणायचे. सरांनी माझा फोटो काढून पाटीवर लावला. माझं एवढं कौतुक झालं, पण एवढ्या हातांपैकी एकालाही वाटलं नाही की हिच्यात काय आहे ते बघावं. उघडायचं कसं वाटेल? ओपन खिडकीकडे होतं ना. त्यांच्या लेखी मी बॅग नव्हतेच. मी क्रियापद होते.

कुणी म्हणालंच, "सर, जड आहे हो," तर सर म्हणायचे, "इंग्रजी आहे. वजन असणारच."

अशात सिस्टर आली. ती दवाखान्यात नर्स, म्हणून वर्गातही तिचं नाव सिस्टरच पडलं. नवरा वारलेला, घरी सासू आणि एक चिमुरडी. रात्रपाळी करून यायची, डोळे तांबारलेले, तरी पहिल्या बाकावर. तिकडच्या एका हॉस्पिटलला नर्स हव्या होत्या, आणि त्यांच्या वयाच्या अटीत ती जेमतेम बसत होती. पुढच्या वर्षी बसली नसती. आधी दोनदा मुलाखतीत तिची दातखीळ बसली होती. तिसरी मुलाखत सरांनी क्लासमधूनच कॉम्प्युटरवर द्यायला लावली. पडद्यावर दिसत होता तिचा चेहरा, आणि पडद्याखाली मांडीवर मी. हँडल असं गच्च धरलं होतं तिने की चामडं ओलं झालं. बोलली, सगळं बोलली. पेशंटला औषध द्यायच्या आधी काय बघता, इथपासून सगळं.

निवड झाली. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. तिने ठरवून टाकलं, आधी आपण जायचं, जम बसला की पोरीला न्यायचं.

निघायच्या आदल्या दिवशी ती सरांकडे आली. "सर, एक मागू? ही बॅग मला न्यायला द्या. तिकडे उतरल्यावर दारात इंग्रजीत विचारतात म्हणे. मी काय धरून बोलू? पोचले की कुणाबरोबर तरी लगेच परत पाठवीन."

मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्याला घाम फुटला. विमान! लांब! तो कारागीर आठवला मला.

सरांचा चेहरा मात्र खडूसारखा झाला. काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "द्या की. अडलंय तिचं." आणि सिस्टर खाली उतरल्यावर सरांना हळूच म्हणाल्या, "पण आत काय आहे ते सांगा तिला. विमानतळावर उघडून बघतात."

"सांगतो उद्या."

"किल्ली आहे माझ्याकडे."

"सांगतो म्हटलं ना."

उद्या उजाडला. काकू बाजारात गेलेल्या असतानाच सरांनी सिस्टरला बोलावून घेतलं. अगदी सोपं वाक्य होतं. यात माझे कपडे आहेत, मी गेलोच नव्हतो. कुठल्याही वस्तूला न धरता म्हणता आलं असतं. सर म्हणाले, "सांभाळून न्या. उघडायच्या भानगडीत पडू नका, कुलपं नाजूक आहेत." आणि पहिल्यांदाच असं झालं की मी दारापर्यंत गेले आणि 'आता ब्रिंग' म्हणून कुणी ओरडलं नाही.

विमानतळाच्या बाहेर सासू आणि पोरगी सोडायला आल्या होत्या. पोरीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आई, यात काय आहे?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस ते. सिस्टर म्हणाली, "इंग्रजी आहे," आणि तिचा मुका घेऊन आत गेली.

आत एक पट्टा असतो, त्यावर बॅगा झोपवतात आणि एका यंत्रातून त्यांचं पोट बघतात. तिची स्वतःची बॅग सुरळीत गेली. मी गेले आणि पट्टा थांबला. यंत्रावरचा माणूस पडद्याला नाक लावून बघत बसला. मग त्याने मला उचललं आणि बाजूच्या टेबलावर दणकन आपटलं. त्या दणक्याने आतलं पितळेचं घड्याळ, जे माझ्या पोटात इतकी वर्षं मुकं पडून होतं, ते जागं झालं आणि टिकटिकायला लागलं.

अख्खी रांग मागे सरली. तेवढी किंमत मला उभ्या आयुष्यात कुणी दिली नव्हती.

एक अधिकारी बाई आली. सिस्टरला लांब उभं करून तिने विचारलं, "ताई, ही बॅग कुणाची?"

"क्लासची."

"कुणी भरली?"

"ती भरत नाहीत."

"मग आत काय आहे?"

"काही नसतं हो. आम्ही हिला रोज फक्त दारापर्यंत नेतो आणि परत आणतो."

अधिकारी बाईने बाजूच्या माणसाकडे बघितलं. त्याने कुत्रं बोलावलं. कुत्र्याने मला हुंगलं, डांबरगोळ्या नाकात गेल्या, आणि ते शिंकतच सुटलं. ते धावपट्टीकडच्या दारापाशी जाऊन बसलं, परत यायलाच तयार होईना. मग अंगाला गाद्या बांधल्यासारखा पोशाख घातलेला एक माणूस आला. त्याला मी गादीवाला म्हणते. तो मला लांबूनच बघत उभा राहिला.

"विमान कधीचं आहे?"

"आत्ताचंच आहे. दार बंद होईल. बाई, सोमवारी हजर नाही झाले तर जागा जाते माझी. तुम्ही सरांना विचारा, ते सगळं सांगतील." तिने नंबर दिला. विश्वास बघा. मी हुंदका दिला असता, पण टिकटिक करणाऱ्या बॅगेने हुंदका दिलेला कुणाला चालला नसता.

अधिकारी बाईने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडून आधी बाकांचा आवाज आला. संध्याकाळची तुकडी बसलेली होती, आणि सरांचा फोन असा की पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू जायचं.

"तुमच्या क्लासची चॉकलेटी सुटकेस आमच्याकडे आहे. आत टिकटिकतंय. काय आहे त्यात?"

पलीकडे खडू खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हॅलो?"

"क्लासमध्ये बऱ्याच वस्तू असतात," सर म्हणाले. "ही माझी आहे असं काही म्हणता येणार नाही."

"सर, असं काय करता," सिस्टर लांबून म्हणाली. "विमान जाईल माझं."

"सिस्टर, बॅग तुम्ही नेलीत. जो नेतो त्याची जबाबदारी असते."

सिस्टर मटकन खाली बसली. तिच्या मागे काचेपलीकडे एक विमान उभं होतं, ते तिचंच होतं की दुसरं ते मला माहीत नाही. पण ती त्याच्याकडे अशी बघत होती, जशी काकू कधीकधी माझ्याकडे बघायच्या.

फोनमध्ये काहीतरी पडलं. मग आवाज आला, "द्या इकडे."

काकू होत्या.

"बॅग माझी आहे. मी भरली आहे. ते टिकटिकतंय ते गजराचं घड्याळ आहे, पितळेचं. ह्यांना सकाळी जाग येत नाही म्हणून ठेवलं होतं. अजून येत नाही."

"आणखी काय आहे?"

"वर निळा स्वेटर, त्याचा डावा हात लांब आहे. त्याखाली पाच शर्ट, गळपट्ट्यातला पुठ्ठासुद्धा काढलेला नसेल. घड्याळ शर्टांच्या मध्ये, टॉवेलात. चारी कोपऱ्यांत डांबरगोळ्या. बघा उघडून."

अधिकारी बाईने खूण केली. गादीवाल्याने एक कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं, मग तो दुसऱ्या कुलपात घातला आणि मोकळ्या हाताने हँडल धरून हिसका मारला. कुलूप उघडलं आणि हँडल त्याच्या हातात आलं.

"अहो, फोडली वाटतं," काकू म्हणाल्या. "किल्ली होती माझ्याकडे. कुणी विचारलंच नाही."

वर निळा स्वेटर. डावा हात लांब. गादीवाल्याने तो दोन बोटांत धरून वर केला, बऱ्याच ठिकाणी कसरीने खाल्लेला. मग शर्ट. मग टॉवेलातलं घड्याळ. इतक्या वर्षांनी माझ्या पोटात उजेड आला होता आणि मला लाज वाटत होती.

"हे कुणाचे कपडे?"

"ह्यांचे. परदेशी जायचं होतं. गेले नाहीत."

फोनमध्ये एक बाक करकरलं आणि मग अजिबात काही वाजलं नाही. संध्याकाळच्या अख्ख्या तुकडीने ते वाक्य ऐकलं होतं. काहीही न धरता.

"तळाशी बूट आहेत," अधिकारी बाई म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता. "हे तर बायकांचे."

"माझे."

"एकदाही घातलेले दिसत नाहीत."

"बोलावणं आलं की घालणार होते," काकू म्हणाल्या. "तिला सोडा हो बाई. तिचं तरी जाऊ दे."

अधिकारी बाईने बूट परत ठेवले, अगदी जोडीने, आणि सिस्टरला म्हणाली, "उठा ताई, पळा. बॅग इथेच राहील. असली बॅग विमानात चढायची नाही."

सिस्टर उठली, स्वतःची बॅग घेतली, चार पावलं गेली आणि थांबली. "बाई, पुढे इंग्रजीत विचारतील. मी काय धरू?"

अधिकारी बाईला काही कळलं नाही. गादीवाला मात्र स्वतःच्या हाताकडे बघत होता. त्याने माझं हँडल पुढे केलं. सिस्टरने ते मुठीत घेतलं आणि धावत सुटली. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही. बघूही नये. जिला पोचायचं असतं तिने बॅगांकडे बघत बसायचं नसतं.

अशा रीतीने, मित्रांनो, माझं हँडल परदेशी गेलं. मी राहिले.

मला घ्यायला काकू एकट्याच आल्या. हँडल नव्हतं, म्हणून तान्ह्या मुलासारखी काखेत घेऊन गेल्या. घरी आल्यावर सरांना एवढंच म्हणाल्या, "तुमचे शर्ट. माप अजून तेच असेल तर घाला."

तुम्हाला वाटेल, क्लास बंद पडला असेल. छे. दुसऱ्या दिवशी सगळी तुकडी वेळेवर हजर. कुणी अवाक्षर काढलं नाही. फक्त तासाच्या शेवटी शिंपी उठून म्हणाला, "सर, न जाताच तुम्ही एवढं शिकवता. गेला असता तर उगाच बिघडला असता." सरांनी त्यालाही दुरुस्त केलं नाही. पाटीवरून माझा फोटो उतरला आणि सिस्टरचा लागला. टेक आता स्टुलाकडे दिलंय. स्टूल हलकं आहे. इंग्रजीही हलकं झालंय म्हणतात.

सिस्टरचा फोन काकूंना येतो. तिकडच्या दारात तिला विचारलं, कशाला आलात, किती दिवस राहणार. कोटाच्या खिशात हँडल धरून ती सगळं बोलली. पोरीचे कागद चालू आहेत. सरांची चौकशी ती करत नाही.

"थंडी फार आहे का गं?" काकूंनी एकदा विचारलं.

"आहे काकू. पण सवय होते."

त्या दिवशी काकूंनी माझ्या फुटक्या कुलपांना दोरी बांधली. मला ओल्या फडक्याने पुसलं, उन्हात ठेवलं, आणि मग भरलं. या वेळी सगळे त्यांचेच कपडे. बूट आत ठेवले नाहीत. ते माझ्यावर ठेवले, आणि मला दाराशी.

सर संध्याकाळी आले आणि अडखळले. "हे काय?"

"बॅग."

"कुठे निघालीस?"

"अजून ठरलं नाही."

"वर माळ्यावर टाकू का? पायात येते."

"राहू दे. लागेल."

कशाला लागेल, ते सरांनी विचारलं नाही. रोज ते माझ्या बाजूने अंग चोरून आत-बाहेर करतात. दोरी तर आहे नुसती, सुटली असती. पण ते हात लावत नाहीत. रोज संध्याकाळी काकू ते बूट घालून खोलीतल्या खोलीत फिरतात. नवं चामडं चावतं, मऊ व्हायला वेळ लागतो. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत टकटक आवाज येतो, दाराशी क्षणभर थांबतो, आणि परत फिरतो. सर वर्तमानपत्र पुढे धरून बसतात. पान मात्र उलटत नाही.

म्हणून एक सांगणं आहे, मित्रांनो. तुमच्याही घरात एखादी जुनी बॅग वर्षानुवर्षं एकाच जागी असेल. तिची धूळ पुसा, कुलपांना तेल घाला, माळ्यावर उंदरांच्या तोंडी देऊ नका, हे तर कराच. पण आधी एकदा उघडा. वरचे कपडे बघून झाकण लावू नका. तळापर्यंत हात घाला. तळाशी बहुतेक दुसऱ्याच कुणाचे तरी बूट निघतात.